जमीन धुण्याचा खर्च कोणाच्या माथी?

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने मानखुर्दच्या टोकाला येऊन मंडाल्यात शिरले की भंगाराचा बाजार लागतो. रिकामी पिंपे, तेलाचे डबे, जुन्या बॅटऱ्या, केबलच्या गुंडाळ्या, प्लास्टिकच्या गोण्या, मोडीत निघालेल्या यंत्रांचे सुटे भाग. कारखान्यांना नकोसा झालेला माल येथे येतो, धुतला जातो, कापला जातो, वेगळा केला जातो आणि कोणाच्या तरी कामाचा होऊन पुन्हा बाहेर पडतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची चूल याच धंद्यावर पेटते. या धंद्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. पण हा माल येथे उचलला गेला नसता तर कोठे गेला असता, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. असो.

आज आम्हाला मालाबद्दल लिहायचे नाही, मालाखालच्या जमिनीबद्दल लिहायचे आहे.

ज्या पिंपातून रंग, द्रावक, आम्ल किंवा कीटकनाशक आले ते पिंप धुतले की उरलेला अंश पाण्याबरोबर जमिनीत मुरतो किंवा नाल्यात जातो, आणि नाला खाडीला मिळतो. बॅटरी फोडली की शिशाची भुकटी मातीत मिसळते. केबल जाळून तांबे काढले की राख तेथेच राहते. द्रावक काही उडून जातो, काही खोल उतरतो. शिसे मात्र कोठेही जात नाही. ते कुजत नाही, विरत नाही, वीस वर्षांनी खणले तरी जागच्या जागी सापडते. त्याच मातीवर आपला कारागीर दुपारी डबा उघडतो आणि संध्याकाळी त्याची मुले खेळतात. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच सिद्ध केले आहे.

अशी जमीन साफ करता येते. वरचा थर खणून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात नेता येतो, सिमेंट किंवा चुना मिसळून विष जागेवरच बांधून टाकता येते, नाहीतर वर चिकणमातीचा जाड थर देऊन ते झाकता येते. अडचण पैशाची. हा पैसा कोणी द्यायचा, या प्रश्नाशी संबंधित दोन मोठ्या गोष्टी २०२५ साली घडल्या. एक मानखुर्दच्या शेजारी, देवनारला. दुसरी दिल्लीत. वर्तमानपत्रांत दोन्ही वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या, पण आमच्या भंगारवाल्या बंधूंनी त्या एकत्र वाचायला हव्यात.

देवनारची गोष्ट आधी. मुंबईचा कचरा येथे १९२७ पासून पडत आला आहे. मे २०२५ मध्ये महापालिकेने हा जुना कचरा उपसण्यासाठी निविदा काढली. ११० हेक्टरवर पसरलेला १८५ लाख टन कचरा, तीन वर्षांची मुदत, २,३६८ कोटी रुपयांचा अंदाज. भागाकार केला तर टनाला १,२८० रुपये पडतात. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुन्या कचऱ्याच्या कामाला केंद्राची मदत मिळते, पण दहा लाखांवर वस्तीच्या शहरासाठी ती पाव हिश्श्यापर्यंतच आहे. उरलेला भार राज्याने आणि महापालिकेने, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांनी उचलायचा.

इतकी वर्षे पडून असलेल्या कचऱ्याची घाई आताच का? जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली आणि शहरभर धूर पसरला, तेव्हापासून न्यायालयाचा दट्ट्या होताच. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने कचराभूमीच्या प्रश्नावर शहरातील नव्या बांधकामांना बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटींवर शिथिल केली. आगीचा ठपका मात्र भंगारवाल्यांवर आला, काहींना अटक झाली, पहारा वाढला आणि कचरा वेचून पोट भरणाऱ्या आयाबहिणींना आतला रस्ता बंद झाला. तरीही कचरा तेथेच राहिला. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी देवनारची १२४ एकर जागा द्यायचे ठरवले आणि त्यानंतर ही एवढी मोठी निविदा निघाली. सार्वजनिक पैशाने जमीन साफ करून ती पुनर्विकासाच्या हवाली करायची, यावर टीकाही पुष्कळ झाली. आम्हाला यातून धंद्याचा एक नियम दिसतो. जमिनीला गिऱ्हाईक दिसले की ती धुवायला पैसा सापडतो.

सफाई न करता घाईने बांधले तर काय होते, हेही मुंबईने पाहिले आहे. मालाडच्या चिंचोली बंदरची कचराभूमी बंद झाल्यावर तेथे मॉल आणि संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे त्या इमारतींत संगणकांची आणि वातानुकूलन यंत्रांची सर्किटे काळी पडून बंद पडू लागल्याच्या तक्रारी आल्या. जमिनीखाली कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू तांबे आणि चांदी खातो. मोठ्या कंपनीने यंत्रे बदलली. झोपडीत राहणाऱ्याला फुफ्फुस बदलता येत नाही.

आता दिल्लीची गोष्ट. २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम जाहीर केले. त्याआधी देशात अशा जागा शोधण्याची आणि साफ करण्याची कायद्याने बांधलेली पद्धतच नव्हती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत १०३ जागा होत्या आणि प्रत्यक्ष काम फक्त सात ठिकाणी सुरू झाले होते. नव्या नियमांप्रमाणे जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या. राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. माती आणि पाण्यात घातक रसायन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले तर जागा दूषित म्हणून जाहीर होईल आणि ती कोणी दूषित केली याचा शोध घेतला जाईल. सापडला तर खर्च त्याच्याकडून. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य सरकारांनी खर्चाची सोय करायची.

या नियमांत एक वगळणूक आहे, ती नीट पाहावी. शहरी कचराभूमीचा घनकचरा या नियमांत येत नाही. म्हणजे देवनारला वेगळा रस्ता आणि वेगळी तिजोरी. रसायनांनी खराब झालेला मंडाल्यासारखा औद्योगिक मोहल्ला मात्र या नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. एकमेकींच्या शेजारी असलेल्या दोन जमिनी, एकीच्या सफाईला सरकारी निविदा आणि दुसरीच्या सफाईला 'कोणी घाण केली' हा पहिला प्रश्न.

ज्याने घाण केली त्याने ती साफ करावी, या तत्त्वावर आमचा आक्षेप नाही. आमची शंका वसुलीच्या बाजूने आहे, कारण आजवरचा अनुभव तसा आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ साली वायूकांड घडले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, ती पीडितांच्या भरपाईसाठी. कारखान्याच्या आवारात भरून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा तब्बल चाळीस वर्षे तेथेच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये तो पीथमपूरला नेला आणि जून अखेरीस जाळून संपवला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले होते. आमचे वाचक किलोच्या भावाने विचार करतात म्हणून सांगतो, हे किलोला ३,७०० रुपयांच्या वर जाते. कारखाना परदेशी कंपनीचा, सफाई भारतीय करदात्याची. आणि जमिनीत मुरलेले विष अजून वेगळेच.

दुसरे उदाहरण चामड्याच्या धंद्यातले आहे, म्हणून आपल्या जास्त जवळचे. चामडे कमावायला क्रोमियमचे क्षार लागतात. तामिळनाडूत राणीपेटला असे क्षार बनवणारा कारखाना १९९०च्या दशकाच्या मध्याला बंद पडला आणि मागे लाखाहून अधिक टन क्रोमियमचा कचरा उघड्यावर राहिला. कारखाना गेला, ढीग राहिला. कानपूर देहातमधल्या रनियालाही असाच कचरा कित्येक दशके साठला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणात २२ उद्योगांवर मिळून २८० कोटी रुपयांची भरपाई लावली. माल विकून नफा खाऊन झाला, पिढी बदलली आणि मग बिल आले. असे बिल यायला मुदत नसते, हे आमच्या प्रत्येक कारखानदार बंधूने लक्षात ठेवावे.

मग सरकारचा पैसा नव्हता का? होता. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये सेस बसवून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला गेला. २०१६ पर्यंत हा सेस ४०० रुपयांवर नेला. दूषित जागांच्या सफाईचे आराखडेही या निधीतून करून घेण्यात आले. सात-आठ वर्षांत सेसपोटी सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले, त्यातले निधीकडे पोहोचले सुमारे २९ हजार ६०० कोटी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळवला गेला. जमिनीच्या सफाईसाठी कायमची तिजोरी बनू शकली असती, ती बनलीच नाही.

आता आपल्या गल्लीत परत येऊ. येथे खरी गाठ कागदाची आहे. धोकादायक रसायनाचे रिकामे पिंप हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीत ३३.१ क्रमांकाला घातक कचरा म्हणून लिहिलेले आहे. ते घ्यायचे, धुवायचे, विकायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकृत पत्र लागते. त्या पत्रासाठी संमतीपत्र लागते आणि संमतीपत्रासाठी जागेचे कागद लागतात. सरकारी जमिनीवर पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे धंदा करणाऱ्याकडे हे कागद कोठून येणार? म्हणून तो अर्जच करत नाही. अर्ज नाही म्हणून तो बेकायदा. बेकायदा म्हणून त्याला कर्ज नाही, विमा नाही. ५ फेब्रुवारी २०२१ ला मंडाल्यात भंगाराच्या गोदामांना मोठी आग लागली. असा माल जळतो तेव्हा बिनविम्याच्या मालकाचे भांडवल एका दुपारी संपते. आणि उद्या सरकारी माणूस मातीचा नमुना घ्यायला आला, तर याच माणसाचे नाव प्रदूषक म्हणून सगळ्यात आधी लिहिले जाईल, कारण तो समोर उभा आहे. पिंप ज्या कारखान्यातून आले तो कारखाना तेथे नसतो.

हा कारखाना सुटतो, तो आपल्याच सवयीमुळे. नियमाप्रमाणे ज्याच्याकडे घातक कचरा निर्माण होतो त्यानेच तो अधिकृत जागी पाठवायचा असतो किंवा अधिकृत वापरणाऱ्याला विकायचा असतो. बरोबर दहा नंबरच्या फॉर्मचे चलन द्यायचे असते, पिंपावर आठ नंबरच्या फॉर्मप्रमाणे चिठ्ठी लावायची असते. नुकसान झाले तर जबाबदारीही त्याच्यावर येते. प्रत्यक्षात काय होते? दलाल रोखीने माल उचलतो, गेटपासवर 'जुने लोखंड' लिहिले जाते आणि पिंप मंडाल्यात पोहोचते तोवर त्याचा बाप कोण हे कोणालाच माहीत नसते. कारखान्याने घातक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च वाचवला. आपण स्वस्त पिंप मिळाले म्हणून खूश झालो. विषाची मालकी मात्र त्या दिवशी गुपचूप आपल्या नावावर आली. इतका वाईट सौदा आमच्या बाजारात दुसरा होत नसेल.

अमेरिकेत ही अडचण त्यांनी दोन टप्प्यांनी सोडवली. १९८० साली सुपरफंड नावाचा कायदा करून तेल आणि रसायन कंपन्यांवर कर बसवला आणि मोठ्या विषारी जागांसाठी निधी उभा केला. तो कर १९९५ मध्ये संपला, त्यातला रसायनांवरचा भाग २०२१ च्या कायद्याने परत आणला गेला. पण मोठ्या जागांनी प्रश्न सुटला नाही. बंद पेट्रोल पंप, लॉन्ड्री, वर्कशॉप, छोटी भट्टी अशा हजारो जागा पडून होत्या. विकत घ्यायला कोणी पुढे येईना, कारण घेतली तर सफाईचे बिल आपल्या गळ्यात पडेल ही भीती. म्हणून १९९५ पासून ब्राउनफील्ड नावाची योजना सुरू झाली. तिच्यातला शहाणपणा असा की पहिला पैसा फक्त माती तपासायला दिला गेला. कोठे किती विष आहे हे कळले की निम्मी भीती जाते, बँक पुढे येते, नवा मालक पुढे येतो. २०२१ च्या कायद्यात या योजनेला दीड अब्ज डॉलर मिळाले. तेथेही सगळे आलबेल नाही, गरिबांच्या वस्त्या मागेच राहतात. तरी पहिला पैसा तपासणीला, हे घेण्यासारखे आहे.

मानखुर्दसाठी आमची मागणी याच धर्तीची आहे. मंडाल्याच्या भंगार गल्ल्यांतील माती आणि पाणी सरकारी खर्चाने तपासावे आणि आकडे रहिवाशांना मराठीत, हिंदीत, उर्दूत द्यावेत. तपासणीचा अर्थ पाडापाडीची नोटीस असा होऊ नये, नाहीतर कोणी नमुना घेऊच देणार नाही. आणि सफाईचा खर्च ठरवताना मागे जाऊन पिंप कोठून आले तेथवर पोहोचावे. याच मंडाल्यात मेट्रोच्या कारशेडला तीस हेक्टरच्या आसपास जमीन मिळू शकली. देवनारच्या साफ होणाऱ्या ११० हेक्टरांतून दोन-चार हेक्टर भंगाराच्या अधिकृत वसाहतीसाठी मागणे काही अतिरेकाचे नाही. पक्की फरशी, पिंप धुण्याचा सामायिक प्लँट, सांडपाण्याची टाकी, अग्निशमनाची सोय.

अशा सामायिक सोयीसाठी पैशाचा एक दरवाजा आज उघडा आहे आणि आमचे लोक तो फारसा ठोठावत नाहीत. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात पाच ते दहा कोटींच्या सामायिक सुविधा केंद्राला ७० टक्के आणि दहा ते तीस कोटींच्या केंद्राला ६० टक्के अनुदान मिळते. अट अशी की उद्योजकांनी एकत्र येऊन संस्था काढायला हवी आणि आपला वाटा भरायला हवा. आमचे बंधू येथेच अडतात. काट्यावर एकमेकांचा भाव पाडण्यात आम्ही हुशार, एका कागदावर वीस जणांच्या सह्या घेण्यात कच्चे. जागेचा प्रश्न सुटेपर्यंत निदान संस्थेची नोंदणी होऊ शकते, कारण तिला जमिनीचा कागद लागत नाही. आणि संस्थेने केलेला अर्ज फाईलमध्ये राहतो, एकट्याने केलेली विनवणी राहत नाही.

दरम्यान आपल्या गाळ्यात जे करता येईल ते आजपासून करावे. चलनाशिवाय रसायनाचे पिंप घेऊ नये. घेणे भागच असेल तर निदान वहीत तारीख, गाडीचा नंबर, पिंपावरचे छापील नाव आणि कंपनीचे नाव लिहून ठेवावे, मोबाईलवर फोटो काढावा. ही वही अधिकृत पत्राची जागा घेणार नाही, पण उद्या प्रदूषक कोण याची चौकशी निघाली तर तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्याला दुसरे बोट दाखवता येईल. बॅटरी उघड्या मातीवर फोडू नये, पत्र्यावर किंवा फरशीवरही नाही. ती सबंधच नोंदणीकृत रिसायकलरला विकावी. भाव दोन रुपये कमी येईल. केबल जाळण्याऐवजी सोलण्याचे यंत्र घ्यावे, तांबेही स्वच्छ निघते आणि त्याला भाव चांगला येतो. कामगारांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत आणि कामाचे कपडे घरी मुलांत नेऊ नयेत. धान्य किंवा पाणी भरायला रसायनाचे पिंप विकणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणत नाही.

कायद्यातला एक बदलही माहीत असावा. पर्यावरण कायद्याखालच्या उल्लंघनाला पूर्वी तुरुंगाची शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आणला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तुरुंग गेला म्हणून काहींना हायसे वाटले. पण खटला चालवण्यापेक्षा दंड लावणे सोपे असते आणि पंधरा लाखांत मंडाल्यातले अख्खे दुकान जाते.

ज्यांच्याकडे अधिकृत पत्र आहे त्यांनी रोजची नोंद तीन नंबरच्या फॉर्ममध्ये ठेवायची असते आणि वर्षाचा हिशेब चार नंबरच्या फॉर्मवर ३० जूनपर्यंत मंडळाकडे द्यायचा असतो. ज्यांच्याकडे पत्र नाही पण जागेचे कागद बरे आहेत, त्यांनी एक नंबरचा फॉर्म भरावा. मंडळाचे मुख्य कार्यालय शीव सर्कलजवळ कल्पतरू पॉइंटमध्ये आहे, मानखुर्दहून लांब नाही. जाताना एकट्याने जाऊ नये, गल्लीतल्या चार जणांनी मिळून जावे, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊनच बाहेर पडावे.